पावलें मरे?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका सीए कार्यालयात मी ‘कंप्युटरचे बघतो’. ह्या बघण्यात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढणे, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे आणि पात्रांवांच्या, म्हणजे साहेबांच्या, मोबाईलमधली गुड मॉर्निंगची फुले पुसून जागा करणे, एवढे सगळे येते. यंदा त्यात भर पडली. ‘क्लायंट लोक ढिगाने कागद पाठवतात, ते आपसूक एका जागी येऊन पडतील असे काहीतरी कर,’ पात्रांव म्हणाले. पन्हळीखाली बादली ठेव म्हणावे, तसे.

तोवर कागद कुठूनही येत. ईमेलने आले तर २५ एमबीला जीमेलचे दार बंद, म्हणून एकच बँक स्टेटमेंट तुकड्या-तुकड्यांनी. व्हॉट्सॲपवरून फोटो आले तर ते दाबून इतके पातळ झालेले असत, की आकडा आठ की तीन यावर कार्यालयात मतदान होई. साखळी गावचे एक ट्रकमालक तर पेन ड्राइव्ह लाडवांच्या डब्यात घालून बसच्या कंडक्टरकडे देत. ती पद्धत मला मनापासून आवडे. लाडू तरी मिळत.

मी आधी विद्वत्ता पाजळली. एसएफटीपी (फायली सुरक्षित पाठवायची एक पद्धत), पोर्ट २२, प्रत्येकाला किल्ल्यांची जोडी: एक खासगी, एक सार्वजनिक. कळंगुटच्या हॉटेलवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सार्वजनिक किल्ली? मग कुलूप कित्याक?’ एसएफटीपी तिथेच आटोपले. ब्राउझरमध्ये उघडणारे साधे पान करायचे ठरले. फायली ओढा, सोडा, घरी जा.

पण रिटर्नची घाई जुलैत आणि जुलैत तारांवर माडाचे चुडत पडले की वीज गुल. दोन जीबीची झिप, म्हणजे फायली दाबून बांधलेले गाठोडे, काठाला येऊन बुडे. म्हणून फाईलचे पाच-पाच एमबीचे तुकडे केले, कुठला पोचला ते सर्व्हरने लक्षात ठेवायचे आणि वीज आली की तिथून पुढे. हे पहिल्या फटक्यात जमले, त्यामुळे त्याबद्दल मला कोणी एक अक्षर बोलले नाही.

झिपचे वेगळेच. ‘४२ डॉट झिप’ नावाची एक बदनाम फाईल आहे. दिसायला ४२ किलोबाइटची गरीब गाय, आतले सगळे थर उघडले तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे लाखो जीबी. तेव्हा उघडण्यावर मर्यादा घातली आणि व्हायरसची तपासणी होईस्तोवर प्रत्येक फाईल ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवली. पडद्यावर तो शब्द दिसताच मडगावहून फोन : ‘चौदा दिवस काय रे? जीएसटी वीस तारखेला आहे!’ शब्द बदलला.

खरा घोळ फाईलींच्या नावांचा. आमच्याकडचे कितीतरी कागद सर्व्हे नंबराने ओळखले जातात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हे ४७/३. विंडोजला फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. कोणी तिथे टिंब देई, कोणी आडवी रेघ, आणि एका भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी, काहीच न देता ‘४७३’ लिहिले. म्हणजे एक कळ न दाबता दुसऱ्याचे भाट हडप! आडनावांचीही तीच कथा. जुन्या पोर्तुगीज दस्तात कामोतीम, पॅन कार्डावर कामत, माणूस एकच. शेवटी सिस्टीमने क्लायंटच्या नावावर विसंबणे सोडले. ती स्वतःचा क्रमांक देते आणि मूळ नाव शेजारी आठवणीखातर ठेवते.

त्यात आपला कायदा. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून आयकर कायद्याप्रमाणे पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे. आता खोल्यांच्या भाड्याचा करारनामा एकच, पण हवा दोघांच्याही फाईलला. ‘एक कागद, एक क्लायंट’ हा पुस्तकी नियम गोव्यात टिकत नाही. आणि नवरा तो स्कॅन करून पाठवणार, बायको त्याच करारनाम्याचा फोटो काढणार, अंगठ्यासकट. जुळे कागद हुडकणारा माझा प्रोग्रॅम बाइट न् बाइट ताडून निकाल देई : ह्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. असला निकाल कोर्टातसुद्धा इतक्या झटपट लागत नाही.

पोचपावतीवर मात्र मी जीव ओतला होता. नाव, वेळ, आकार आणि खाली एसएचए-२५६ चा चौसष्ट अक्षरांचा ठसा. फाईलीतला एक बिट हलला तरी तो ठसा पार बदलतो. याहून पक्की पावती कोणी कोणाला दिली नसेल. ती मिळाली रे मिळाली, की जो तो फोन करून विचारी, पोचले ना : ‘पावलें मरे?’

‘पोच आली ना तुम्हाला?’

‘ती आली रे. पण पावलें मरे?’

तोडगा आमच्या टायपिस्ट मावशींनी काढला. ‘शिक्का मार.’ गोल, जांभळा, मध्ये तारीख. ‘आणि जरा तिरका मार, सरळ मारला तर खोटा दिसतो.’ मी शिक्क्याचे चित्र पोचपावतीवर तिरके चिकटवले. फोन बंद.

गणपतीची चवथ झाली, ऑडिटची ३० सप्टेंबर जवळ आली आणि अपलोडांचा लोंढा लागला. त्यात साखळीच्या ट्रकमालकांची एक फाईल, नाव ‘महत्त्वाचा कागद’. उघडतो तर आमचीच पोचपावती, छापून, पंच करून, मोबाईलने फोटो काढलेली. सिस्टीमने ती रीतसर तपासली, क्रमांक दिला, नि तिचीही पोच पाठवली, जांभळ्या शिक्क्यासकट.

संध्याकाळी तीही आली. या वेळी आडवी.