साडेबारा टक्के पाटील

अमळनेरच्या एका कुरिअरवाल्याच्या टेबलावर माझी थुंकी ठेवलेली होती आणि टेबलामागचा पोरगा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मागे सहा माणसं. गेल्या मंगळवारची गोष्ट आहे, अजून उतरलेली नाही.

"आत काय आहे?"

"नमुना," मी हळूच म्हणालो.

"कशाचा?"

"लाळेचा."

"कशाचा?"

काही शब्द पुस्तकात सभ्य असतात, काउंटरवर ते कुणाला ऐकू जात नाहीत. शेवटी मी म्हणालो, "थुंकी. थुंकी आहे." दुकानात एकदम शांतता. तिकडे पोस्टरवरचा गणपतीसुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटलं.

"कोणाची?"

हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. "माझीच."

"मग पाठवता कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते मोठं होतं आणि मागच्या माणसाला साडीचं पार्सल परत करायचं होतं. पोरगा सद्गृहस्थ होता, त्याला माझी अडचण होऊ द्यायची नव्हती. त्याच्या कॉम्प्युटरात थुंकीचा रकाना नव्हता, एवढंच. "कागदपत्रं, कपडे, औषध, खाद्यपदार्थ," त्यानं मोठ्यानं वाचलं आणि मान वर केली. "खाद्यपदार्थात टाकू?"

औषधात टाकायचं ठरलं. मग वस्तूची किंमत. किट सेलमध्ये साडेसहा हजाराला पडलं होतं, तेच मी सांगितलं. रांगेतून कुणीतरी शिट्टी घातली.

आता मोठं उत्तर. मी पाटील. खान्देशात पाटील असणं म्हणजे पावसात ओलं असणं. त्यानं कुणाचीच ओळख पटत नाही. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला: कोणते पाटील? लहानपणी मला वाटायचं, लोक आपुलकीनं विचारतात. पुढे पुण्यात खोली शोधताना, बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत, एकदा तर दवाखान्यात केसपेपर काढताना हाच प्रश्न आला तेव्हा कळलं, की या प्रश्नाच्या पोटात दुसराच एक प्रश्न असतो आणि तो उघड विचारायची लाज वाटते म्हणून कुळाचा पदर पुढे करतात. चिडून मी वडिलांना विचारलं, आपण कोणते? ते म्हणाले, "गावचे." बस. मग एका रात्री मोबाईलवर जाहिरात दिसली: आपल्या आडनावाचं मूळ शोधा. मी बटण दाबलं.

थुंकी काढणं हीसुद्धा साधी गोष्ट नव्हे. अर्धा तास आधी खाणंपिणं बंद, आणि नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची. फेस मोजायचा नाही. साधारण दोन मिलिलिटर. ऐकायला चमचाभरही नाही, पण नळीत थुंकत बसा म्हटलं की माणसाचं तोंड तापीच्या वाळूसारखं होतं. माझी नळी भरली ती आईमुळे. तिनं मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजायला घेतली होती. तो धूर घरात आला आणि पाच मिनिटांत रेघ ओलांडली. प्रयोगशाळेत माझ्या गुणसूत्रांसोबत हिरव्या मिरचीचा अंश निघाला तर तो वंशपरंपरागतच समजावा.

तर त्या रांगेत माझ्यामागे तिसरे एक आप्पा उभे होते. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, हातात नातवाला पाठवायची बिबड्यांची पिशवी. वय पंच्याऐंशीच्या घरात. साडेसहा हजार ऐकल्यावर ते रांग सोडून सरळ माझ्या शेजारी आले.

"थुकीले इतला पैसा?"

मी म्हटलं, "आप्पा, तपासणीचे आहेत. वंश कळतो."

"कोना वंश?"

"माझा."

आप्पांनी मला नीट पाहिलं. बैलबाजारात पाहतात तसं, दातांपासून. "कोना पोऱ्या शे तू?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला विज्ञान समजावून सांगायची हौस आहे, आणि दुकानात ऐकणारे तयार होते. मी सांगितलं, की पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं एक गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, त्याच्या मुलाकडेही तसंच. आडनावही आपल्याकडे बापाकडूनच येतं. म्हणजे दोघं एकाच रस्त्यानं चालतात, सातबाऱ्यावर बापानंतर मुलाचं नाव चढावं तशी. फक्त पिढ्या गेल्या की अधूनमधून त्यात एखादा बारीक फेरफार होतो.

"फेरफार?" आप्पा सावध झाले. "म्हंजे तठेबी तलाठी शे?"

दुकान हसलं. मी पण हसलो, पण मनात म्हटलं, याहून बरं उदाहरण मला सुचलं नसतं. ते फेरफारच मोजतात. दोन पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरच्या ठरावीक जागा शेजारी शेजारी ठेवतात. आकडे जितके जुळतील तितका दोघांचा समाईक पूर्वज जवळचा. ब्रायन साइक्स नावाच्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञानं 2000 साली आपल्याच आडनावाची माणसं अशी तपासली, तर जवळपास निम्म्यांचा वंश एकाच पुरुषाकडे जात होता. हे मी जोरात सांगितलं. निम्मे साइक्स!

"आन निम्मा?" आप्पांनी विचारलं.

निम्म्यांचं काय, हे मी तोपर्यंत मनाला विचारलं नव्हतं. कुठेतरी दत्तक, कुठेतरी बायकोचं आडनाव लावलेलं, कुठेतरी ज्याची वाच्यता होत नाही ते. आणि तिथे तर निदान आडनाव एका घराचं होतं. आमचं पाटील हे मुळात आडनावच नाही, हुद्दा आहे. सगळ्या पाटलांची थुंकी गोळा करून पूर्वज शोधणं म्हणजे सगळ्या हेडमास्तरांचा आजोबा एकच होता का ते तपासण्यासारखं. हे मला साडेसहा हजार भरण्याआधी सुचायला हरकत नव्हती.

पण माघार घेईल तो मी कसला. मी इंग्लंडच्या राजावर गेलो. तिसरा रिचर्ड. त्याचा सांगाडा 2012 साली लेस्टरमध्ये गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. आईच्या बाजूचा डीएनए राजाच्या बहिणीच्या वंशातल्या, लंडनमधल्या एका सुताराशी जुळला, म्हणून ओळख पटायला मदत झाली. पुरुषवंशातले म्हणून पाच जण तपासले, त्यातल्या एकाचंही वाय राजाशी जुळलं नाही. चौघांचं आपसात जुळलं, पाचव्याचं त्यांच्याशीही नाही. म्हणजे राजघराण्यातही कुठेतरी—

"म्हंजे राजाबी नावनाच," आप्पा म्हणाले. आणि मग त्यांनी माझं गाव विचारलं.

मी सांगितलं. बोरीकाठचं, अमळनेरपासून फार लांब नाही. आजोबांचं नाव विचारलं. सांगितलं. आप्पांनी पिशवी खाली ठेवली. माणूस पिशवी खाली ठेवतो तेव्हा पळायचं असतं, हे मला आता कळलंय.

"तुना आजाले मी दखेल शे," ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं माझ्या आयुष्याची वाजंत्री निघाली. आमच्या पाटलाच्या वाड्यात पोर नव्हतं. भाऊबंद टपून होते, पाटीलकी हातची जायची वेळ आली होती. तेव्हा पाटलानं आपल्या बहिणीचा धाकटा मुलगा मागून घेतला. पारोळ्याकडच्या गावाहून, सात वर्षांचा, बैलगाडीत बसवून आणला. पोरगं वाटभर रडत होतं. त्याच्या हातात गुळाचा खडा दिला होता, तो त्यानं खाल्ला नाही, मुठीत वितळवला. दत्तकपत्रावर आप्पांच्या वडिलांचा अंगठा होता. गुळाचं हे त्यांनीच पाहिलेलं, आप्पांनी त्यांच्याकडून ऐकलेलं.

"तो पोऱ्या म्हंजे तुना आजा. दत्तक उना व्हता. मूळना बोरसे."

दुकानात कुणी हसलं नाही. उलट साडीवाल्यानं सहानुभूतीनं मान हलवली, जणू माझ्या घरी काही घडलं होतं. मला राग आला. कसला आला ते नीट सांगता येणार नाही. आजोबा मामाकडे दत्तक आले यात गैर काय, शेकडो घरांत आलेत. पण माझ्याच आजोबांच्या मुठीतला गूळ मला कुरिअरच्या दुकानात, साडी परत करणाऱ्या माणसासोबत ऐकायला मिळावा? माझ्याबद्दलची ही माहिती आख्ख्या तालुक्यात फिरत होती आणि एकटा मी तेवढा तिच्या बाहेर होतो. आणि ज्यासाठी त्या पोराला गाडीत घातलं ती पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली. राहिलं काय, तर आडनाव. तेच घेऊन मी रांगेत उभा.

नळीत जे वाय बसलंय ते बोरशांचं. पाटलाच्या घरातलं रक्त आलं ते आजोबांच्या आईकडून, म्हणजे त्या बहिणीकडून. तिचं नाव आप्पांनाही माहीत नव्हतं. "पाटलानी बहीन," एवढंच. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडे वही आहे, मी एकदा तिच्यात सही करून आलोय. तीत बाप, आजा, पणजा असे उतरत्या क्रमानं उभे आहेत, बाई एकही नाही. आणि साडेसहा हजारांची ही नवी तपासणीही तेवढंच सांगणार, कारण वाय तिच्यात नव्हतंच. मी तिथल्या तिथे मनात हिशोब केला. माझे वडील निम्मे, आजोबा पाव, आजोबांची आई आठवा हिस्सा. सरासरी साडेबारा टक्के. एवढाच मी पाटील. बँकेत तेवढ्या दरानं व्याज मिळालं तर माणूस खूश होईल.

"माले इचारना व्हतं," आप्पांनी पिशवी उचलली. "फुकट सांगस."

पोरानं विचारलं, "पाठवायचं ना?" मी म्हटलं, पाठव. पैसे भरून झाले होते, आणि भरलेल्या पैशांपुढे आपलं तत्त्वज्ञान थांबतं, तेही अमळनेरात, जिथे तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्थाच आहे. त्यानं पाठवणाऱ्याचं नाव टाईप करायला घेतलं. मी पाटील म्हणालो. आप्पा माझ्या खांद्यावरून म्हणाले, "बोरसे लिख रे भो, खरं लिख." मी पुन्हा पाटील म्हणालो. पोरगा दोघांकडे पाहून थांबला आणि वयाचा मान राखायचा म्हणून की काय, दोन्ही लिहून मोकळा झाला. मी बदल म्हटलं, तर म्हणाला, सिस्टीममध्ये गेलं.

घरी आलो. वडील भरीत-भाकरी खात होते. मी सरळ विचारलं, आजोबा दत्तक होते का?

"हो," ते म्हणाले आणि ठेचा पुढे ओढला.

"मला कधी सांगितलं नाही?"

"तू कोणते पाटील विचारलंस. दत्तक का असं कुठं विचारलंस?"

आई म्हणाली, आजोबा कधी गूळ खायचे नाहीत, चहासुद्धा साखरेचाच लागायचा. कारण कुणाला माहीत नव्हतं. ती सहज बोलून भाकरी थापायला वळली.

मी ताटावर बसलो तेवढ्यात मोबाईल वाजला. कुरिअरवाल्याचा मेसेज होता. प्रिय बोरसे, आपलं औषध रवाना झालं आहे.