मनःशांतीसाठी आपापला प्राणी निवडा

मानसिक आरोग्य सांभाळायचं असेल तर सगळ्यात आधी डोक्यात एक सरडा पाळा. फुकट मिळतो, खायला मागत नाही आणि आपल्या सगळ्या अपराधांचं खापर मुकाट्याने फोडून घेतो. बायकोवर खेकसलात? सरडा. सिग्नलला रिक्षावाल्याचा उद्धार केलात? सरडा. रात्री दोन वाजता फरसाणाचा डबा रिकामा केलात? तोही सरडाच, जरा भुकेला.

अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांनी 1960 च्या दशकात आपली ही सोय करून ठेवली. माणसाच्या मेंदूचे म्हणे तीन थर. तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा, मध्ये जुन्या सस्तनांचा म्हणजे भावनांचा, आणि वर विचारांचा, कोरा करकरीत. 1977 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या पुस्तकातून ही कल्पना घरोघरी पोचवली. तेव्हापासून ताणमुक्तीच्या कार्यशाळांत हे तीन रंगीत थर ठाण मांडून बसलेत. मेंदूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी ही मांडणी केव्हाच मोडीत काढली, पण तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ते म्हणतात, पुढचा मेंदू सरड्यालाच काय, माशालाही असतो. जुन्यावर नवा थर चढलेला नाही, तेच भाग प्रत्येक कुळात आपापल्या परीने वाढले आणि बदलले. आणि सरड्याची नि आपली वाट सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी फुटली, म्हणजे तो आपला पूर्वज ठरत नाही, फार तर भावकीतला. असेना. भावकीच्या नावाने बोटं मोडायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

तुम्ही साहेब असाल तर सरड्यावर भागणार नाही. तुम्ही शेवंड, म्हणजे समुद्रातला लॉबस्टर, घ्या. जॉर्डन पीटरसन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये तिला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. शेवंडी आपसात लढतात, जिंकलेली ताठ होते, हरलेली अंग चोरते, त्यात सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा हात असतो, आणि सेरोटोनिन आपल्याही मेंदूत आहे. झालं सिद्ध, साहेबांची केबिन निसर्गानेच बांधली! आपल्या नि शेवंडीच्या वंशाची फारकत होऊन 50 कोटींहून जास्त वर्षं झाली, आणि आपल्या अंगातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं, हे मात्र मीटिंगमध्ये काढू नका. (मालवणात शेवंडीचा भाव वजनावर ठरतो, हुद्द्यावर नाही. हेही नको.)

हाताखालच्यांचं निदान करायला उंदीर उत्तम. पोरसोल्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये रूढ केलेली चाचणी आजही वापरात आहे. काचेचं उंच भांडं घ्यायचं, त्यात पाय टेकणार नाहीत इतकं पाणी भरायचं आणि छोटा उंदीर सोडायचा. तो काचेवर नख्या मारतो, गोल गोल फिरतो, वर चढायला बघतो, घसरतो. मग हळूहळू थांबतो. नाक तेवढं पाण्याबाहेर, मागचा एखादा पाय बुडू नये इतपत हलत असतो. सगळी मिळून सहा मिनिटं, त्यातल्या शेवटच्या चारांत तो किती वेळ निश्चल राहिला ते मोजायचं. ही निश्चलता म्हणजे हताशा! नैराश्यावरचं औषध दिलेला उंदीर जास्त वेळ हातपाय मारतो, म्हणून अनेक दशकं नवी औषधं या पाण्यातून गाळून घेतली गेली. बाहेर पडायला वाटच नाही हे ओळखून उंदीर शहाण्यासारखी ताकद वाचवत असेल, अशी शंका आता बरेच संशोधक काढतात. तुम्ही काढू नका. जो धडपडतोय तो ठणठणीत, जो गप्प झाला तो आजारी. भांड्यात पाणी कोणी ओतलं हा प्रश्न चाचणीत येत नाही, तुमच्या वार्षिक सर्वेक्षणातही घेऊ नका.

घरात कोणी चिंतेने पोखरलं गेलं असेल तर ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे रामबाण वाक्य आहेच. फक्त क्रेफिशचा विषय टाळा. 2014 मध्ये फ्रेंच संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या या कवचधारी प्राण्याला विजेचे सौम्य झटके दिले, तेव्हा तो पाण्यातल्या उजेडाच्या वाटा टाळून अंधारात दडून राहू लागला. माणसाला चिंतेवर देतात त्यातलंच एक औषध टोचल्यावर पुन्हा उजेडात हिंडायला लागला. क्रेफिशच्या वेळीही ‘असलं काही’ होतं, म्हणजे आजोबांची पंचाईत. रँडॉल्फ नेसी हे मानसोपचारतज्ज्ञ तर म्हणतात, चिंता हा धुराचा अलार्म आहे. पोळी करपली तरी वाजणारा परवडतो, घर पेटल्यावर गप्प राहणारा परवडत नाही. पण ज्याचा अलार्म रात्रंदिवस वाजतोय त्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि तिथे चार लोक बघतात. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. एवढी माणसं काढतातच ना दिवस?

कुत्र्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. सेलिग्मन आणि मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येत होता, काहींना काही केल्या नाही. पुढे सुटायची सोपी वाट समोर असतानाही दुसऱ्या गटातली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. ती असहाय्यता शिकली, असं ठरलं. 2016 मध्ये याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा केला. लांबलेल्या त्रासापुढे ढिम्म होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. हे कर्मचाऱ्यांना कळलं तर ते योगवर्गाऐवजी फळी मागतील.

बबून माकडांना तर दारातही उभं करू नका. केनियात रॉबर्ट सापोल्स्की हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एका टोळीचा अभ्यास करत होते. 1980 च्या दशकात तिथल्या पर्यटक-लॉजच्या उकिरड्यातल्या मांसातून क्षयाची साथ आली. उकिरड्यावर जायचे ते टोळीतले दांडगट नर, शेजारच्या टोळीशी मारामारी करून. तेच मेले. मागे माद्या, पिल्लं आणि मवाळ नर उरले. टोळी शांत झाली, एकमेकांच्या उवा वेचण्यात जास्त वेळ जाऊ लागला, आणि तळातल्या नरांच्या शरीरात ताणाच्या खुणा सापडेनात. पुढे बाहेरून नवे नर आले तेही इथलं वळण उचलत गेले, दहा वर्षांनंतरही. मेंदू तोच, सेरोटोनिन तेच, फक्त वरचे दादा गेलेले. कार्यशाळेत कोणी या टोळीबद्दल विचारलंच, तर घड्याळाकडे बघा आणि सांगा, जेवण लागलंय.