माझाच भोंगा, माझीच गल्ली

गेल्या पावसाळ्यात आमच्या रामबागेत लसीकरणाची ऑटो फिरायची. भोंग्यातला आवाज माझा. तीस वर्षं इंदुरात जाहिराती लिहितोय आणि बोलतोय. साड्यांचे सेल, कोचिंग क्लास, निवडणुका, सगळं करून झालंय. या कामासाठी चाळीस सेकंदांचं हिंदी लिहिलं, मागे ढोलकी टाकली, पैसेसुद्धा वेळेवर मिळाले. (हे मुद्दाम सांगतोय, कारण असं रोज घडत नाही.)

त्याच आठवड्यात आशा दीदी, म्हणजे घरोघरी फिरणारी सरकारी योजनेतली आरोग्य कार्यकर्ती, दारात उभी. काखेत रजिस्टर, चेहऱ्यावर मिश्कील हसू. "अंकल, आवाज़ तो आपकी रोज़ सुनती हूँ. ड्यू लिस्ट में नाम भी आपके ही घर का है."

ड्यू लिस्ट म्हणजे कोणत्या मुलाची कोणती लस आली किंवा राहिली, त्याची यादी. त्यात माझा नातू! दीड महिन्याचे डोस झाले होते, अडीच महिन्याचे राहिले, आणि आता त्याला चौथा महिना लागलेला. मला पत्ताच नाही. घरात विचारलं तर सूनबाई खाली बघायला लागली आणि आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीच नको म्हटलं."

आता हिला कोणी अडाणी म्हणू नये. एम.ए. झालेली, शाळेतून रिटायर झालेली बाई आहे. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसून शेकडो पोरांच्या करंगळीला हिनंच शाई लावलीय. लसीचं महत्त्व हिला माझ्या भोंग्यानं सांगावं, हा विनोदच. हिची तक्रार वेगळीच होती. दीड महिन्याला नातवाला एकाच दिवशी तीन सुया टोचल्या. डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची, उजव्या दंडात पोलिओची, शिवाय तोंडात थेंब. संध्याकाळी पोरगं तापलं. डावी मांडी टम्म. हिनं हळदीचा लेप लावला, वरून शेकलं, तसा तो आणखीनच किंचाळला. रात्रभर आळीपाळीनं खांद्यावर. केंद्रावर त्या दिवशी गर्दी होती. ताप येईल, आला तर काय करायचं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. कार्डावर तारीख टाकली आणि पुढचा नंबर पुकारला. हिचा हिशोब सरळ होता: हसतंखेळतं मूल नेलं, आजारी करून आणलं, पुन्हा कशाला न्यायचं?

मी भोंग्यात काय म्हणालो होतो? वेळेवर लस द्या, मुलाचं भविष्य सुरक्षित करा. हिच्या प्रश्नाचं यात उत्तर कुठे होतं?

पोलिओनं आम्हा प्रचारवाल्यांना एक सवय लावली, असं मला वाटतं. रविवार, दोन थेंब, मोठा नट, एक घोषणा. ते यशस्वी झालं यात शंका नाही. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण थेंबांनी पोर रात्रभर रडत नाही. आणि घोषणा पोचूनही जिथे दारं बंद झाली, उत्तर प्रदेशातल्या ज्या मोहल्ल्यांत थेंबांनी नपुंसकत्व येतं अशी अफवा होती, तिथे ती दारं उघडली त्याच गल्लीतल्या बायकांनी. युनिसेफनं त्यासाठी खास जाळं उभं केलं होतं. त्या पुन्हा पुन्हा जाऊन बसल्या, मौलवींनाही सोबत घेतलं. टीव्हीवरचा नट सगळ्यांच्या लक्षात राहिला, या बायका कोणाच्या लक्षात आहेत?

आमच्या दीदीनंही तेच केलं. सुनेशी एक अक्षर बोलली नाही. थेट हिच्यापाशी जाऊन बसली आणि विचारलं, "आंटी, उस रात को क्या हुआ था?" ही पंधरा मिनिटं बोलत होती. मग दीदीनं सांगितलं की पेंटात डांग्या खोकल्याची लस असते, बहुतेक वेळा ताप तिच्यामुळे येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. वजन बघून सिस्टर सांगेल तेवढं पॅरासिटामॉल द्यायचं, मांडीवर गार पाण्याची घडी ठेवायची, लेप नाही, शेक नाही, चोळायचं तर मुळीच नाही. डोस पहिल्यापासून घ्यायची गरज नाही, जिथे राहिले तिथून पुढे.

"डांग्या खोकला" ऐकल्यावर ही गप्प झाली. हिच्या धाकट्या भावाला तो झाला होता. खोकून खोकून निळा पडायचा म्हणते. पेंटात घटसर्प, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ यांचीही लस असते. पोस्टरवर आम्ही लिहितो "पेंटावॅलंट". आजीला घटसर्प माहीत आहे, पेंटा माहीत नाही. ती गोवर ओळखते, त्याच्या लसीचं एमआर हे नाव ओळखत नाही. रोगांची नावं घराघरात शिल्लक आहेत आणि आम्ही बाटलीवरची नावं घोकायला लावतो. (त्यात आपण इंदूरचे मराठी. "बाळाला टीका लावली" असं बिनदिक्कत म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे विचारतात, कोणावर?)

खरं तर टोचणाऱ्या सिस्टरनं चार गोष्टी सांगाव्यात, हे तिच्या ट्रेनिंगमध्येच असतं. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास काय होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढे कधी कुठे यायचं, कार्ड जपून ठेवा आणि येताना आणा. हे बोलायला मिनिटभर पुरतं. त्या मिनिटाला पैसे मिळत नाहीत. फ्लेक्सला मिळतात, भोंग्याला मिळतात, कारण त्यांचा फोटो बिलाला जोडता येतो. माझंच पोट त्यावर चालतं, तरी सांगतोय. आणि एका मुलाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण करवलं की आशेला मिळतात 100 रुपये. सराफ्यातल्या खाऊगल्लीत दोघांचं खाणंसुद्धा होत नाही त्यात.

मित्रमंडळी म्हणतात, भिया, इंदूरनं कचऱ्याचं करून दाखवलं, 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला, तसंच हेही होईल. कसं होईल? गाडी रोज दारात येते, ड्रायव्हर ओळखीचा असतो, आणि ओला कचरा वेगळा ठेवला म्हणून कोणाच्या नातवाला ताप चढत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली पूर्ण लसीकरण झालेली मुलं 2015-16 मध्ये 53.6 टक्के होती, 2019-21 मध्ये 77.1 टक्के झाली. मोठीच उडी आहे. तरी पाचातलं एक मूल बाहेर राहतंच. ते मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाबुआचा पाडा येतो, नाहीतर कुठली तरी झोपडपट्टी. माझ्या डोळ्यांपुढेही तेच यायचं. आणि गोवर तर फारच चिवट. त्याला रोखायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ कशी पसरली ते आपण पाहिलंय.

पुढच्या मंगळवारी ही स्वतः नातवाला घेऊन गेली. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसली, सिस्टरकडून औषधाचं माप कार्डाच्या मागे लिहून घेतलं. रात्री ताप आलाच, पण घरात कोणी घाबरलं नाही. नवव्या महिन्याच्या तारखेला कालनिर्णयवर हिनं आत्ताच लाल पेनानं गोल केलाय, आत लिहिलंय "गोवर".

परवा दुपारी ऑटो पुन्हा आली. खिडकीखालीच थांबली आणि माझा आवाज सुरू झाला. ही गॅलरीत धावली आणि ओरडली, "अरे बंद कर तो भोंगा, आत्ता कुठे झोपलाय तो!"