‘आभा’चा ओटीपी दिलात म्हणजे जन्माचं लिहून दिलंत?

आमच्या वाडीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात ‘आभा’ या सरकारी आरोग्य-ओळख नंबराबद्दलचा एकच मेसेज तीनदा येऊन पडला. तिसऱ्यांदा मुंबईच्या मंडळींकडून. मजकूर थोडक्यात असा: “सरकारी दवाखान्यात आभा कार्डासाठी ओटीपी देऊ नका. एकदा दिलात की तुमचे सगळे रिपोर्ट कायमचे दिल्लीत जमा. विमा कंपन्या ते बघतात. दिलेली संमती परत घेता येत नाही, आणि घेतलीत तर पाच लाखांचं कार्ड बंद.” खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

शेजारच्या काकीने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, “दिललो ओटीपी परत घेवक येता काय रे?” प्रश्न तिचाच बरोबर आहे. मेसेजचं उत्तर तेवढं चूक आहे.

“ओटीपी दिलात की रिपोर्ट दिल्लीत जमा.” आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्याचे कागद डिजिटल जोडायची केंद्राची योजना, देशभर सुरू झालं 27 सप्टेंबर 2021 ला, आणि आभा म्हणजे त्यातला 14 आकडी नंबर. काढताना जो ओटीपी येतो तो तुम्ही तुम्हीच आहात हे पटवायला. केसपेपरच्या खिडकीवरचा चौकोनी कोड स्कॅन केलात तर नाव, वय, पत्ता, मोबाइल अशी ओळखीपुरती माहिती जाते आणि टोकन मिळतं. रिपोर्ट ज्या लॅबने काढला तिच्याच कॉम्प्युटरमध्ये राहतो. कणकवलीत काढलेला रिपोर्ट ओरोसच्या डॉक्टरला या वाटेने बघायचा असेल, तर तुमच्या फोनवर वेगळी विचारणा येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंतचे आणि किती दिवसांसाठी. नाही म्हणता येतं. सहा महिन्यांचेच कागद दाखवतो, असंही म्हणता येतं. आता कागद विखुरलेले आहेत म्हणून सुरक्षित आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे कॉम्प्युटर सायबर हल्ल्यात बंद पडले होते. तिथे ही गत, तर तालुक्याच्या लॅबचं काय सांगावं. पण ती भीती वेगळी, मेसेजमधली वेगळी.

“संमती परत घेता येत नाही.” हे साफ खोटं, आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्यही हेच, कारण ते वाचून माणूस हात टेकतो. आभाच्या अॅपमध्ये दिलेल्या संमतींची यादी दिसते, त्यातली हवी ती रद्द करता येते. आभा खातं काही काळापुरतं बंद करता येतं, कायमचं काढूनही टाकता येतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर म्हणतो की संमती कधीही मागे घेता येईल, आणि ती देणं जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण बहुतेक तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणून आजच कुणाच्या टेबलावर कलम आपटायला जाऊ नका. त्यात आणखी एक गोष्ट आहे. संमती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठी आली, कोकणीही आली. मालवणी त्यात धरायची की नाही यावर आमच्या कट्ट्यावर पावसाळा जाईल.

मात्र ‘मागे घेतली’ म्हणजे नेमकं काय झालं, ते समजून घ्या. बागेत पाटाचं पाणी सोडलंय आणि मध्येच बांध घातलात, तर पुढचं पाणी थांबतं. माडाच्या अळ्यात मुरलेलं परत ओढून घेता येत नाही. तसंच आहे हे. रद्द केल्यावर नवीन कागद जाणार नाहीत. पण ज्या डॉक्टरने काल रिपोर्ट पाहिला त्याला तो आठवणारच, आणि त्याने प्रिंट काढून फाइलला लावला असेल तर ती प्रिंट तुमच्या बोटाच्या एका टिचकीने फाटत नाही. आधी जे संमतीने झालं ते बेकायदा ठरत नाही, असं कायदाही म्हणतो. दवाखान्याची स्वतःची फाइलसुद्धा राहतेच: दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरने 3 वर्षं ठेवावेत, आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यावेत, असा 2002 पासूनचा नियम आहे. शिवाय काही नोंदींना तुमची संमती लागतच नाही. क्षयरोगाचा रुग्ण 2012 पासून सरकारला कळवावाच लागतो.

“विमा कंपन्या बघतात.” आभातून तुम्हाला न विचारता नाही. पण पॉलिसी घेताना किंवा क्लेमच्या वेळी जिथे एजंटने बोट ठेवलं तिथे तुम्ही सही केलीत ना? दवाखान्यातून कागद मागवायची मुभा बहुधा त्या फॉर्ममध्येच असते. आभा काढून टाकून ती सही पुसली जात नाही.

“पाच लाखांचं कार्ड बंद.” नावं सारखी, म्हणून हा घोळ. पाच लाखांचं ते आयुष्मान कार्ड, दवाखान्यातल्या मोफत उपचारांच्या 2018 च्या योजनेचं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. आभा ही नुसती नोंदणी आहे आणि ती ऐच्छिक आहे. तरी “आभा नाही तर केसपेपर नाही” हे मी एका खिडकीवर स्वतः ऐकलंय, पाठी पंधरा माणसं उभी असताना. तेव्हा वाद घातला नाही, नंबर काढून दिला. मेसेजवाल्यांचा राग कुठून येतो ते मला कळतं.

ज्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही ते आमच्याकडे घराघरात आहे. काकीच्या आधारला नंबर आहे मुंबईजवळच्या दिवा गावात राहणाऱ्या मुलाचा. आभाही त्याच नंबरावर निघालं. म्हणजे तिच्या गर्भाशयाच्या तपासणीचा रिपोर्ट कुणाला दाखवायचा ही विचारणा जाते मुलाकडे, आणि तो लोकलमध्ये लटकत ‘हो’ दाबतो. संमती कुणाची आणि मागे कोण घेणार? तिने हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. रिपोर्ट काय आहे ते मुलाला तिने सांगितलंच नव्हतं.

रेंजसाठी आम्ही सड्यावर गेलो. मुलाला फोन लावून एक एक ओटीपी विचारत अॅप उघडलं. तिने एकदाच पाय ठेवलेल्या एका दवाखान्याला वर्षभराची संमती दिलेली दिसली. ती रद्द केली. “माजां कार्ड बंद पडतलां काय?” तिने पुन्हा विचारलं. नाही, म्हटलं. मंगळवारी तालुक्याच्या आधार केंद्रात जायचंय, तिचा स्वतःचा नंबर लावायला. केंद्रात त्यासाठी माणूस समोर लागतो, म्हणून सकाळची पहिली एसटी.