तुझं बरं आहे गा, बसून तर काम!

बेळगावात डिझाइन, फोटो, पेंटिंग असलं काही करून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ असतं.

बसून काय करतो ते सांगतो. मंडळाचा बोर्ड म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेले कार्यकर्त्यांचे धूसर सेल्फी. त्यातली मुंडकी कापायची, ओळीत बसवायची. अध्यक्ष मोठा दिसला पाहिजे, पण माजी अध्यक्ष लहान दिसता कामा नये (हा सीमाप्रश्नाइतकाच चिवट प्रश्न आहे). कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं, म्हणजे प्रूफही दोन लिप्यांत. 'नुडी' या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अक्षरांचा पार चुराडा. आणि रात्री साडेअकराला मेसेज येतो, "दादा, झोपलास काय? भगवा जरा डार्क कर की."

शिवजयंतीचे चित्ररथ, लग्नपत्रिका, गणपती, लगेच दुर्गामाता दौड. वर्ष असंच सरतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा नोंदवल्या. ताकद संपणं, कामाबद्दल तिटकारा, आणि हातून धड काही होत नाही असं वाटणं. आजार म्हणून नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. मला भीती वाटते ती मधल्या खुणेची. थकवा रविवारी झोपून उतरतो. पण ज्या गणपतीची चित्रं लहानपणी वहीच्या शेवटच्या पानावर काढायचो, त्याचीच फाइल उघडताना कपाळाला आठी पडते, ती झोपून जात नाही.

यावर लोक सल्ला देतात, योगा कर, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चक्कर मार. चक्कर मी मारतोच. पण परत आल्यावर रेट तोच आणि सातवी दुरुस्ती तशीच वाट बघत असेल, तर झाडांखालून फिरून काय फरक पडणार?

दुसरे लोक कुमार गंधर्वांचा दाखला देतात. आपल्या सुळेभावीचे, जन्म १९२४चा. ऐन उमेदीत क्षय झाला, काही वर्षं गाणं बंद, देवासला पडून माळव्याची लोकगीतं ऐकली आणि उठले ते वेगळंच गाणं घेऊन. खरं आहे. पण ती विश्रांती त्यांनी मागितली नव्हती, डॉक्टरांनी गायलाच मनाई केली होती. आजारपणाचं असं कौतुक मला पटत नाही. आमच्यातल्या किती जणांचं दुकान चार महिने बंद राहून चालेल?

म्हणून माझ्या मते हा प्रश्न आधी पैशाचा आणि वेळेचा, मग मनाचा. अॅडव्हान्सशिवाय फाइल उघडायची नाही. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून पैसे. रात्री नऊनंतर फोन बंद. आपल्या गल्लीतल्या पोराला हे सांगताना जीभ अडखळते, 'माजलाय' असंही ऐकावं लागतं. ऐकायचं. मात्र झोपच उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर असले नियम पुरत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

आता मंडळवाल्यांसाठी. यंदा फोटो आणि मजकूर चतुर्थीच्या दहा दिवस आधी आला नाही, तर बोर्ड दुसरीकडे करून घ्या. राग आला तर दुकानात येऊन भांडा, चहा मी पाजतो.