संध्याकाळी प्लेटी मोजल्या का?

दोन वर्षांपूर्वी चवथीची (गणपतीची) सुट्टी संपवून गोव्यात पेडण्यातल्या आमच्या साइटवर गेलो, तर सेंट्रिंगच्या प्लेटींचा, म्हणजे स्लॅब ओतताना खाली साचा म्हणून लावतात त्या लोखंडी प्लेटींचा, ढीग कमी वाटला. 'वाटला' म्हणतो, कारण मुळात किती होत्या ते कोणालाच सांगता येईना. सुपरवायझर म्हणाला दोनशे, मेस्त (मिस्त्री) म्हणाला दीडशेच्या वर. काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर आणि कटर मशीनही जाग्यावर नव्हते. झारखंडचा एक पोरगा गावी न जाता साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहिला होता. सगळ्यांसमोर मी त्याच्यावर आळ घेतला. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब घेऊन निघून गेला.

पंधरा दिवसांनी ६० प्लेटी आमच्याच म्हापशाच्या साइटवर सापडल्या. चवथीआधीच्या धांदलीत आमच्याच टेम्पोने तिकडे गेल्या होत्या, कोणी लिहून ठेवलं नव्हतं. व्हायब्रेटर आणि कटर मात्र खरोखर चोरीला गेले, ते आजवर मिळाले नाहीत. कोणी नेले ते मला आज ठाऊक नाही आणि त्या दिवशीही ठाऊक नव्हतं. तरी मी त्या पोराचं नाव घेतलं.

म्हणून हे लिहितोय. साइटवरच्या चोरीचा विषय निघाला की आपण कंत्राटदार बाहेरच्या कामगारांबद्दल बोलतो, नाहीतर कॅमेऱ्याबद्दल. वहीबद्दल कोणी बोलत नाही. ज्या साइटवर रोज संध्याकाळी मोजणी होत नाही, तिथे चोरी झाली की नाही हेच कळत नाही, मग ती थांबवणार कशी?

आणि 'लेबरनेच नेलं' हे वाक्य किती जड आहे ते बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३०६ खाली ती ७ वर्षांपर्यंत जाते. एवढा आरोप आपण एखाद्यावर ठेवतो, तोही आकडा हातात नसताना.

विम्याचंही तेच. कंत्राटदारांच्या मशिनरीची जी पॉलिसी असते, तिच्या अटी नीट वाचा. नुसती माल मोजताना लक्षात आलेली तूट साधारणपणे त्यात धरत नाहीत. चोरी कधी झाली, काय गेलं, हे दाखवावं लागतं आणि पोलिसांत तक्रार हवी. चौकीवर गेलात की पहिला प्रश्न येतो सिरीयल नंबरचा. आपल्यापैकी किती जणांकडे ब्रेकरच्या (काँक्रीट फोडायच्या मशीनच्या) नंबरप्लेटचा फोटो आहे? माझ्याकडे नव्हता. बिल होतं, त्यावर नुसतं 'कटर मशीन १ नग'.

आता काय करतो ते सांगतो. प्रत्येक प्लेटीवर वेल्डिंगने आमचं अक्षर उठवलंय. रंगाची खूण सिमेंटखाली झाकते, खरवडूनही टाकता येते. वेल्डिंग तसं सहज जात नाही. हातातली मशीन संध्याकाळी कंटेनरमध्ये, आणि ज्याने सकाळी नेलं त्याचीच परत देताना सही. साइट बदलताना टेम्पो ड्रायव्हरकडे चिठ्ठी असल्याशिवाय प्लेटींखाली टेकू देतात तो एक जॅकसुद्धा हलत नाही. मोठ्या मशीनची किल्ली बाहेर ठेवायची नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या कितीतरी मशीन एकाच किल्लीने चालू होतात, म्हणून बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच वेगळा बसवलाय. डिझेलच्या टाकीला कुलूप. जेसीबी रात्री अशी लावतो की मिक्सर तिच्या आणि चिऱ्यांच्या भिंतीच्या मधे अडकतो. कॅमेरा आहे, पण तो चोर कोण ते दाखवेल, काय गेलं ते सांगणार नाही.

माझा खरा राग आहे तो विकत घेणाऱ्यावर. सेंट्रिंगची प्लेट घरी नेऊन कोणी काय करणार? ती भंगारातच जाते, किलोवर. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असून घेतला तर कलम ३१७ आहे, शिक्षा चोराएवढीच, ३ वर्षांपर्यंत. रात्री टेम्पोभर धड प्लेटी घेऊन आलेल्या माणसाला भंगारवाल्याने एक प्रश्न विचारायला नको? पंचायतीने परवाना देताना प्रत्येक भंगारअड्ड्यावर गाडीचा नंबर, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि मालाचा फोटो ठेवायची अट घालावी. आपल्या गावच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. बांधकामातले जे कोणी आहात, त्यांनी आपापल्या गावात मांडा.

त्या पोराचा नंबर जुन्या मुकादमाकडून मिळवला. कारवारला कामाला आहे. फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "सेठ, मैंने उसी दिन कहा होता तो आप मानते क्या?" मला उत्तर देता आलं नाही.

चवथीला साइट बंद करण्याआधी दोन माणसांनी मिळून मोजा, दोघांच्या सह्या घ्या, पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. माझ्या वहीच्या पानाचा नमुना कोणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.