भरतीचा आकडा कळला, ट्रेनिंगच्या पैशाचं कोण बोलणार?

१५,६३१ जागांची पोलीस भरती मंजूर झाली तेव्हा सगळे बोलले. शिपाई १२,३९९, राज्य राखीव दल २,३९३, कारागृह शिपाई ५८०, चालक २३४, बँड्समन २५, हे आकडे माझ्या क्लासमधल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. पण एवढ्या लोकांना शिकवायला, नीट शिकवायला, किती पैसा वेगळा ठेवलाय याबद्दल एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. म्हणून लिहितेय. लांब होईल, तरी वाचा.

मी नागपुरात भरतीच्या मुलामुलींना मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता शिकवते. कुही, भिवापूर, काटोल, रामटेककडची पोरं. पहाटे मानकापूरला नाहीतर रेशीमबागेत ग्राऊंड मारायचं, दिवसा कुठे तरी काम, संध्याकाळी क्लास. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मग शंभर मार्कांचा पेपर. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. फी खुल्या गटाला ४५० रुपये, मागासवर्गीयांना ३५०. सगळ्यांचे साडेतीनशेच धरले तरी रक्कम साठ कोटींच्या घरात जाते. बेरोजगार पोरांनी भरलेला पैसा आहे हा. त्यात ग्राऊंडवर सावली, पाणी, डॉक्टर आणि बाहेरगावच्या पोरांना रात्री पाठ टेकायला छप्पर मिळालंच पाहिजे. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या घेतल्या, राखीव दलाच्या भरतीत धावताना एका तरुणाचा जीव गेला. पोरं फुटपाथवर झोपल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले.

आता अनुदानाचं. पोलीस हा विषय राज्याचा, त्यामुळे पगार आणि भरतीचा खर्च राज्याच्या तिजोरीतून. केंद्राकडून येतो तो मुख्यतः आधुनिकीकरणाचा पैसा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने पोलीस आधुनिकीकरणाची २६,२७५ कोटींची एकत्रित योजना २०२५-२६ पर्यंत मंजूर केली. त्यात राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाचा वाटा ४,८४६ कोटी. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० टक्के देतं, राज्याने ४० घालायचे. या पैशातून शस्त्रं येतात, संपर्क यंत्रणा येते, प्रशिक्षणाची साधनंही येतात. ते सगळं हवंच आहे. पण साधन आलं आणि शिकवणारा चांगला माणूस आला नाही तर ते साधन खोलीत कुलूपबंद राहतं. त्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा कुठे खर्च केला याचा दाखला, वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो.

आणि शिकायचं केवढं वाढलंय! १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं आता कायद्यात आहे, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. तज्ज्ञांची गाडी पोचण्याआधी तिथे कोण उभा असतो? नऊ महिन्यांचं ट्रेनिंग करून आलेला बावीस वर्षांचा शिपाई. लोकांना मागे ठेवायचं, कशालाही हात लागू द्यायचा नाही, कोण आत आलं ते टिपून ठेवायचं, हे सगळं त्याच्या हातात. १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात दंगल झाली तेव्हा तीसहून जास्त पोलीस जखमी झाले. दगड येत असताना न बिथरणं आणि उगाच हात न उगारणं हे पुस्तकातून येत नाही, पुन्हा पुन्हा सराव करूनच येतं. सरावाला वेळ लागतो, मैदान लागतं, उस्ताद लागतो.

हे आपल्याकडे जमत नाही असं मुळीच नाही. अमरावती रोडवर सुराबर्डीला अपारंपरिक अभियान प्रशिक्षण केंद्र आहे, नक्षलविरोधी लढ्यासाठी उभं केलेलं. नक्षलग्रस्त भागासाठी सुरक्षेवरच्या खर्चाची केंद्र सरकारची वेगळी योजना आहे आणि त्यात प्रशिक्षणाचा खर्चही बसतो. म्हणजे प्रशिक्षणाच्या नावाने पैसा देता येतो, सरकारला ते माहीत आहे. नक्षलवाद ओसरतोय, चांगलंच आहे, पण त्याबरोबर तो निधीही आटेल. तो आटायच्या आत साध्या ठाण्यातल्या शिपायासाठी तशी सोय व्हायला हवी. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ साठी राज्यांना खास पोलीस प्रशिक्षणासाठी अनुदान दिलंच होतं. मग आता काय अडचण आहे?

माझं मत विचाराल तर पहिला पैसा शिकवणाऱ्यांवर घाला. प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक म्हणजे बाजूला टाकणं, असं खात्यात समजतात. तिथे जाणाऱ्याला चांगला भत्ता, बरं क्वार्टर आणि पुढच्या नेमणुकीत प्राधान्य दिलं तर तपासात मुरलेले हवालदार, फौजदार स्वतःहून जातील.

आणि टिकण्याचं काय? वर्दी मिळाल्यावरही माझ्या क्लासला येणारी पोरं आहेत. कोणी तलाठ्याची तयारी करतो, कोणी एक्साइजची. ‘मॅडम, पगाराचं नाही जी, सुट्टीचं आहे,’ असं एक जण म्हणाला. गणपती, दीक्षाभूमी, मग अधिवेशनाचा बंदोबस्त, साप्ताहिक सुट्टी कधी येते अन् कधी जाते कळत नाही. २०२१ मध्ये महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी देण्याचा प्रयोग राज्यात सुरू झाला, त्यात नागपूर शहर अगदी पहिल्यांत होतं. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. पण बारा तासांची पाळी आठवर आणायची तर दोन माणसांच्या जागी तीन लागतात. ती तिसरी माणसं भरतीतून येणार, ट्रेनिंगमधून तयार होणार. तुकड्या ट्रेनिंगच्या रांगेत खोळंबल्या तर ठाण्यातल्या बाईची ड्युटी पुन्हा बारा तासांवर जाणार.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथेच भरतं. विदर्भातल्या कुठल्याही पक्षाच्या आमदाराने एकच तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, टाकावा: एका शिपायाच्या नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणावर राज्य किती रुपये खर्च करतं, त्यातले शिकवणाऱ्यांवर किती, आणि नागपूरच्या केंद्रात आज शिकवणाऱ्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत? तुमच्या ओळखीत कोणी आमदार असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. उत्तर आलं की मी ते इथेच टाकेन.